दुसऱ्या पातेल्यातलं

झाकणाच्या आतल्या बाजूला एक थेंब लोंबत होता – नारिंगी, पण सरळ नारिंगी नव्हे. पिवळा भरपूर, विटकरी लाल जेमतेम, आणि कुठेतरी खोलवर काळ्याचा अगदी पुसट अंश... तीस वर्षं रंगाच्या कारखान्यात काढलेल्या माणसाचा डोळा समोर काहीही ठेवलं तरी आधी त्याचे असे तुकडे पाडतो आणि मग ते काय आहे हे बघतो. आत्ता तर ते काय आहे हे बघायचंच नव्हतं, म्हणून तो त्या थेंबाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. थेंब घरंगळला, कडेच्या रबरात शिरला. डब्यात लाल भोपळा होता. लसूण आणि मिरी घालून मऊ शिजवलेला, ताईने सकाळी सहाला केलेला आणि सातला स्वतः त्याच्या दारात आणून दिलेला.

"जेवलास की फोन कर," ती दारातूनच म्हणाली होती. "मी फोनपाशी बसते. आणि उगाच छान छान म्हणू नकोस हं. आईसारखा झालाय का, तेवढंच सांग."

कमाल होती. त्याला विचारत होती – ज्याने आईच्या हातचा भोपळा उभ्या जन्मात चाखला नाही, त्याला.

पण विचारणार कुणाला? बाबा गेले, आई जाऊन अकरा वर्षं झाली. त्या जेवणाच्या टेबलाभोवतीची माणसं आता दोनच उरली होती, ताई आणि तो. आणि ताईला वास येईनासा झाला होता. मागच्या हिवाळ्यात ताप आला, ताप उतरला, नाक आणि जीभ मात्र परत आलीच नाहीत. कांदा काय नि साबण काय, सगळं सारखंच. डॉक्टर म्हणाले, आता आठ महिने झाले, फार आशा धरू नका. ताई रडली नाही. तिने फक्त स्वयंपाक करणं कमी केलं, मग जवळजवळ सोडलंच, आणि परवा फोनवर एकदम म्हणाली, "अरे, हात करतोय सगळं अजून, पण बरोबर करतोय का हे कळायला मार्ग नाही. आईचं जे काय होतं ते माझ्या हातात आहे की गेलं, तेवढं मला कळलं पाहिजे." तेव्हा तो हो म्हणाला होता. हो म्हणताना काही वाटलं नाही. आता डबा उघडल्यावर वाटत होतं.

रंग जुळवायची ही खोली उत्तरेकडे तोंड करून बांधलेली, म्हणजे ऊन थेट येऊ नये. भिंती राखाडी, टेबल राखाडी, इथे बसणाऱ्याच्या अंगावरचा कोटसुद्धा राखाडी, कारण शेजारी भडक काही असलं की डोळा फसतो. त्या सगळ्या राखाडीत तो डबा तेवढा पेटल्यासारखा दिसत होता. पलीकडच्या बाकावर केमिस्ट बाई नमुन्याचे पुठ्ठे वाळत लावत होत्या. सकाळपासून एका इस्पितळाच्या भिंतीसाठी पांढरा जुळवायचं काम चाललं होतं, आणि नमुना चौथ्यांदा नापसंत होऊन परत आला होता. मास्तर, याला अजून काय हवंय, असं त्यांनी वैतागून विचारलं, तेव्हा त्याने न बघताच सांगितलं होतं – पिवळा, सुईच्या टोकाएवढा. नुसता पांढरा कुणी भिंतीला लावत नाही, निळसर आणि आजारी दिसतो. पांढऱ्यातलं त्याला इतकं कळत होतं की कारखान्यात त्याची थट्टाच व्हायची. घरी तर फार आधीपासून व्हायची. ताई त्याला दुध्या म्हणायची.

कारण तो पांढरंच खायचा. भात, दूध, दही, उकडलेला बटाटा, पावाचा आतला मऊ भाग, अंड्यातलं पिवळं काढून टाकलेलं अंडं, सोललेलं सफरचंद – तेही लगेच, काळं पडायच्या आत. घरात रोज दोन पातेली चढायची, एक सगळ्यांचं आणि एक दुध्याचं. दुसऱ्या पातेल्यात – म्हणजे त्याच्या दृष्टीने दुसऱ्या, खरं तर ते पहिलंच – गाजरं, घेवडा, भोपळा, पालक, असं काहीबाही रटरटत असायचं आणि तो स्वयंपाकघरात आला की आई त्यावर झाकण टाकायची, म्हणजे त्याला दिसू नये. बाबा म्हणायचे, लाडावून ठेवलंयस. ताई म्हणायची, दोन पातेली घासायला मी, आणि लाड याचे. आई काहीच म्हणायची नाही. त्याच्या चमच्याच्या दांड्याला तिने पांढरा दोरा गुंडाळून ठेवला होता, ओळखू यावा म्हणून. कारण एकदा चुकून सगळ्यांचा चमचा त्याच्या भातात गेला, तर त्याने ताट सरकवलं आणि संध्याकाळपर्यंत तोंड उघडलं नाही. सहा वर्षांचं पोर, पण हट्ट असा की मोठ्यांनी हात टेकावेत.

आणि मग ते पोर मोठं झालं, नोकरीला लागलं, एकट्याने राहू लागलं, आणि पांढऱ्या जेवणाची ती यादी तशीच सोबत आली. एकट्या माणसाला तेवढी पुरते. कुणी विचारत नाही.

विचारलं ते डॉक्टरीणबाईंनी, तीन महिन्यांपूर्वी – पायांना मुंग्या यायच्या, जिने चढताना धाप लागायची. रक्ताचा कागद बघून त्या म्हणाल्या, तुम्ही काय काय खाता ते लिहून आणा. त्याने आणलं. दीड ओळ झाली होती. बाईंनी कागद उलटून पाहिला.

"मागे काही नाही," तो म्हणाला.

"ते दिसतंय," त्या म्हणाल्या, आणि हसल्या नाहीत. "आठवड्याला एक नवीन भाजी. आवडलीच पाहिजे असं नाही, पण दहा वेळा तोंडात घालायची. त्यानंतर हवं तर नाव ठेवा. जीभ शिकते हो, या वयातही शिकते."

मग गाजराचा आठवडा झाला. घेवड्याचा झाला. पहिला घास घशाखाली जाईना, दुसऱ्याला डोळ्यांत पाणी. पण सहाव्या-सातव्यांदा गाजर नुसतं गाजर झालं, आणि एका सकाळी चक्क त्याला भाजीवाल्याच्या गाडीपाशी थांबावंसं वाटलं. त्याची त्यालाच लाज वाटली, आजूबाजूला बघून घेतलं. पंचावन्नाव्या वर्षी चोरून गाजरं खाणारा माणूस. पण त्यात भीती नव्हती. ती गाजरं कुणाची नव्हती – बाजारातून आणली, पाण्यात उकडली, मीठ टाकलं, खाल्ली.

हे तसं नव्हतं. हा आईचा भोपळा होता.

म्हणजे न आवडण्याची भीती नव्हतीच, हे त्याला आता, डबा समोर ठेवून, चमचा हातात धरून बसल्यावर कळत होतं. नाही आवडला तर काय, आयुष्यभर नाहीच आवडलेला. पण आवडला तर? तर ती इतकी वर्षं... रोज दोन वेळा, माझ्या कोपरापासून वीतभर अंतरावर ते भांडं होतं, ती जिवंत होती, तिच्या हातात डाव होता, आणि प्रत्येक जेवणात ती एकदा तरी म्हणायची, "बघतोस का थोडंसं?" – आग्रह नाही, जुलूम नाही, नुसतं विचारायची, आणि मी मान हलवली की "बरं" म्हणून वाढत पुढे जायची. मी घर सोडेपर्यंत, वीसेक वर्षं तिने विचारलं. तिचं ते "बरं" मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं, त्यात राग नसायचा, निराशाही नसायची. आणि मी मूर्खासारखा समजत राहिलो की तिला काही वाटत नसणार.

ती गेली तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. जो येईल तो एकच बोलायचा – काय चव होती तिच्या हाताला, अमुक कसं करायची, तमुक कसं करायची. मावशीने तर डोळे मिटून एकेका पदार्थाचं असं वर्णन केलं की रडणारी माणसं हसायला लागली. तो दाराशी उभा होता. मावशी त्याच्याकडे वळून म्हणाली, "हो की नाही रे?" आणि तो म्हणाला, "हो ना." सगळ्या माणसांत तो एकटा, तिच्या पोटचा मुलगा, त्या बोलण्यातलं एक अक्षर कळत नसलेला. परक्या माणसालासुद्धा त्या दिवशी माझ्यापेक्षा जास्त आई मिळाली होती. हे त्याने कुणाला सांगितलं नाही.

"मास्तर, जेवून घ्या की," केमिस्ट बाई म्हणाल्या. त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं, भुवया वर गेल्या. आपला डबा घेऊन त्या बाहेर बाकावर जाऊन बसल्या.

त्याने घास घेतला.

मऊ. आधी नुसतं मऊ, जिभेला धरायला काही नाही, आणि नेहमीप्रमाणे घसा बंद व्हायच्या बेतात आला. मग गोडसर काहीतरी, मग लसूण, मग मागून मिरी, आणि या सगळ्यावर मीठ, चांगलंच मीठ... त्याने कसाबसा गिळला, आणि गिळताना त्याच्या मनात आलं – मीठ जास्त झालंय. आईचं एवढं नसायचं.

चमचा तसाच हवेत राहिला.

कुठून आलं हे? त्याने ते मुद्दाम मनात आणलं नव्हतं. गाजराच्या वेळी, घेवड्याच्या वेळी असं काही आलं नव्हतं. आईचं एवढं नसायचं – म्हणजे केवढं असायचं? आणि असायचं हे मला कसं... त्याने दुसरा घास घेतला, घाईने, कुणी हिसकावून घेईल की काय असा. पुन्हा तेच. जास्तीचं मीठ बाजूला केलं, एखाद्या छटेतून चुकून जास्त पडलेला रंग मनातल्या मनात वजा करावा तसं, की खाली जे उरत होतं ते त्याला नवीन नव्हतं. ओळखीचं होतं. अगदी फिकं, अगदी लांबचं, पण ओळखीचं.

बटाटा. गरम बटाटा ती त्याच्यासाठी बोटांनी कुस्करायची. चमच्याने गुठळ्या राहतात आणि गुठळी लागली की पोर थुंकतं, म्हणून हाताने, फुंकर घालत, चटके सोसत. आणि त्याच हाताने भरवायची – सात-आठ वर्षांचा होईपर्यंत, आजारी असला तर पुढेही. आणि त्याआधी एक क्षण, रोज, न चुकता, ती दुसऱ्या पातेल्यातलं जरासं डावाने तळहातावर घेऊन चाखायची, मीठ बघायला. हात पदराला पुसायची. पुसून वास कितीसा जाणार? चमचा वेगळा हवा, ताट वेगळं हवं, झाकण हवं म्हणून अडून बसलेल्या मुलाला हात वेगळा मागावा असं कधी सुचलं नाही. तो हात तर आईचा होता. त्याची चव असते हेच त्याला ठाऊक नव्हतं, तो बटाट्याचीच चव समजायचा. आणि पुढे एकटा राहायला लागल्यावर पहिले कित्येक महिने बटाटा चांगला लागत नव्हता – बाजार बदलून पाहिले, भांडं बदलून पाहिलं, आणि शेवटी सवय झाली.

आठवण खरी होती का? की जिभेने आत्ता, या मिनिटाला, तिची गरज होती म्हणून रचली? पंचावन्न वर्षांच्या माणसाने पन्नास वर्षांपूर्वीच्या बोटांची चव सांगावी, हे कुणालाही पटणारं नव्हतं, त्याला स्वतःलाही पुरतं पटत नव्हतं. पण डोळे भरून आले होते, आणि ते मिरीने नव्हते.

फोन पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"खाल्लास?"

"खाल्ला."

"थुंकला नाहीस ना?"

"नाही गं." त्याने घसा साफ केला. "ताई, मीठ जास्त झालंय."

"वाटलंच मला. घातलं की नाही आठवेना, म्हणून परत घातलं. कळायला मार्ग नाही ना." मग, जे विचारायचं होतं त्याच्या आजूबाजूने फिरत, "बाकी ठीक आहे का? म्हणजे, तुला तरी काय विचारायचं म्हणा, तू कुठे..."

"आईचं एवढं नसायचं."

ती हसेल असं त्याला वाटलं, किंवा चिडेल – दोन पातेल्यांचा सगळा हिशेब एका वाक्यात काढायचा हक्क तिला होता. ती म्हणाली, "तुला रे काय माहीत?" पण हे तिच्या नेहमीच्या आवाजात नव्हतं. हे तिने खरंच विचारलं होतं.

तो बोटांबद्दल सांगणार होता. शब्द तोंडाशी आले, आणि त्याला भीती वाटली की बोलून दाखवलं तर ते खोटं ठरेल, त्या दिवशीच्या "हो ना"सारखं.

"सांग ना," ताई म्हणाली. तिचा श्वास फोनवर जवळ आला. "अजून काय कमीजास्त आहे? मी थांबते. नीट खाऊन सांग."

त्याने डबा जवळ ओढला. डोळे मिटले – रंग जुळवणाऱ्या माणसाने इतक्या वर्षांत कामाच्या वेळी पहिल्यांदाच. ताई ऐकत होती, आणि तो सावकाश चावत होता.

"मिरी बरोबर आहे," तो म्हणाला. "लसूण... लसूण ती जरा जास्त लाल करायची, मला वाटतं."

"हो," ताई म्हणाली. तिचा आवाज ओला झाला. "हो रे, करायची. पुढे?"

पुढचं सांगण्याआधी त्याने आणखी एक घास घेतला, छोटासा, आधीच्याहून छोटा. घाई नव्हती, भीती होती. आपल्याला तिचं जे काही ठाऊक आहे ते फार थोडं आहे आणि ते इतक्यात संपेल, याची.