पॉइंट आठ मेंढी

मित्रांनो, मी एक म्हातारी मेंढी आहे. संपूर्ण मेंढी नाही, पॉइंट आठ. हे मी गमतीने म्हणत नाही. तसा छापील कागद आहे.

माझा जन्म जत तालुक्यातल्या एका माळावर, बाभळीखाली झाला. आमची जात माडग्याळी. उंच पाय, पोपटासारखं बाकदार नाक आणि त्या नाकाचा थोडा जास्तच अभिमान. माझे धनी नाथाजी. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण चाळीस मेंढ्यांमध्ये कोण तहानलंय आणि कोण उगाच ओरडतंय, हे त्यांना पाठ फिरवूनही कळायचं. मी बहुतेक वेळा उगाच ओरडणाऱ्यांत असायचे. वर्षातून दोनदा माझी लोकर कातरली जायची. तिच्या घोंगड्याखाली माणसं झोपायची. म्हसवडच्या बाजारात एका व्यापाऱ्याने माझे दात बघून मला 'लाखात एक' म्हटलं होतं. हा आकडा लक्षात ठेवा. पुढे आकडे बिघडत गेले.

१९९६ साल उजाडलं. देशात म्हणे सगळं खुलं झालं होतं. आमचा माळ आधीपासूनच खुला होता, फक्त त्यावर गवत नव्हतं. आदल्या उन्हाळ्यात पाण्याचा टँकर वेळेवर आला नाही आणि नाथाजींच्या अकरा मेंढ्या गेल्या. त्यांत माझी आई होती.

अशात नाथाजींचा भाचा नानासो मोटारसायकलवरून आला. तो सांगलीच्या 'सह्यगिरी अ‍ॅग्रो युनिट्स' नावाच्या कंपनीचा एजंट झाला होता. ही कंपनी आंबा, साग, हळद आणि मेंढ्या विकायची, तेही अशा लोकांना, ज्यांच्याकडे ना रान होतं ना कुंपण. पूर्वी मेंढी घेणारा तिचे दात बघायचा. आता तो कागद बघायचा.

"मामा, मेंढी राखायचे दिवस गेलं," नानासो म्हणाला. "आता मेंढी धरायची. कागदावर."

"आन् कागदावर चारा कसला टाकायचा रं?" नाथाजींच्या बायकोने, बयाबाईंनी विचारलं.

"मामी, कागदावरची मेंढी खात न्हाई, पीत न्हाई आन् मरत बी न्हाई."

'मरत बी न्हाई' हे नाथाजींना लागलं. ते अकरा मेंढ्या पुरलेल्या बांधाकडे बघत राहिले. मग त्यांनी अंगठा उठवला. आम्ही चाळीसजणी कंपनीच्या झालो. बदल्यात त्यांना युनिटं, म्हणजे कागदावरच्या मेंढ्यांचे हिस्से मिळाले, आणि स्वतःच्याच मेंढ्या राखायला महिना सहाशे रुपये पगार. कागदावर त्यांचा हुद्दा होता 'मेंढी व्यवस्थापक'. काठी तीच होती.

"किती हायत मामा?"

"दोन खंडी."

नानासोने लिहिलं, दोन खंडी. आमच्याकडे खंडी म्हणजे वीस मेंढ्या. हे कोकरालासुद्धा माहीत असतं. माझ्या कानात नंबराचा एक पिवळा बिल्ला मारला. आठवड्याभरात तो बाभळीला अडकला आणि जाताना कानाचा तुकडा घेऊन गेला.

तो फॉर्म सांगलीच्या ऑफिसात दीक्षा नावाच्या मुलीसमोर आला. ती संगणक चालवायची. समोर शंभर फॉर्म, त्यात हळदही आणि मेंढ्याही. दोन खंडी म्हणजे किती, हे तिला कळेना. तिने घरी वडिलांना, आण्णांना विचारलं. आण्णा मार्केट यार्डात हमाल. त्यांनी अगदी बरोबर उत्तर दिलं, "खंडी म्हणजे वीस मण. मणाचं चाळीस किलो धर." दीक्षाने गुणाकार केला. तोही बरोबर. दोन खंडीचे झाले सोळाशे. संगणकावर रकाना होता 'नग'. किलो आणि मेंढी यांतला फरक त्या यंत्राला कोणी सांगितला नव्हता.

अशा रीतीने, मित्रांनो, सगळ्यांची उत्तरं बरोबर येऊन आम्ही चाळिसाच्या सोळाशे झालो.

यंत्राला आणखी एक गोष्ट शिकवलेली होती. मेंढ्या दर सहा महिन्यांनी वीस टक्के वाढतात. मग सोळाशेच्या एकोणीसशे वीस झाल्या, त्यांच्या तेवीसशे चार. कागद खरखर करत छापून बाहेर यायचे आणि लोक रांग लावून ते घ्यायचे. माळावर मात्र जितकी कोकरं झाली, तितकी लांडग्याने आणि उन्हाने नेली. आम्ही चाळीसच राहिलो. सांगलीत माझा भाव चढत होता आणि इकडे माझ्या फासळ्या लांबून मोजता येत होत्या.

सत्त्याण्णवच्या जूनमध्ये यंत्राने छापलं : एकूण मेंढ्या २७६४.८.

त्यातली पॉइंट आठ कोण, याचा मी पुष्कळ विचार केला. फाटका कान फक्त मला होता.

कागद नाथाजींच्या घरी आला. दोन्ही कडांना यंत्रात अडकवायची भोकंच भोकं. बयाबाई म्हणाल्या, "आवं, ह्यो तर उंदरानं आधीच खाल्लाय!" नाथाजी हसले. त्यानंतर त्यांना हसताना मी पाहिलं नाही.

त्या पावसाळ्यात पगार थांबला. नाथाजी सांगलीला तीन खेपा करून आले, साहेब भेटले नाहीत. एखादी मेंढी विकून ज्वारी आणावी, तर मेंढी आपली नाही. बयाबाई रोजगार हमीवर खडी फोडायला जाऊ लागल्या. नाथाजी आमच्यामध्ये बसून राहायचे. एकदा माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तुला इकलं मी. तुला कळलं का गं?" मला कळलं होतं. मी उगाच ओरडले.

डिसेंबरात एक ट्रक आणि दोन जीपगाड्या भरून माणसं आली. सरकारी नियम बदलले होते, पैसे परत मागायला झुंबड उडाली होती आणि साहेब ऑफिसला कुलूप लावून पसार झाले होते. नानासो सासुरवाडीला गेला होता, तो गेलाच. उरली होती दीक्षा. तिला लोकांनी कागदांच्या गठ्ठ्यासकट जीपमध्ये घालून आणलं होतं. तिचाही चार महिन्यांचा पगार बुडाला होता.

"एवढ्याच?" एकाने विचारलं.

"दोन खंडी," नाथाजी म्हणाले.

"अरं, पावणेतीन हजार मेंढ्या खाल्ल्यास का काय? बाकीच्या कुठं दडवल्यास?"

नाथाजींनी माळाकडे बघितलं. बाभळी सोडल्या, तर माळावर दडवायला एक झुडूपही नव्हतं.

गर्दीत औंधकडचे हरिबा गुरुजी होते, निवृत्त शिक्षक. फंडाच्या सगळ्या पैशांच्या त्यांनी मेंढ्या घेतल्या होत्या. हातात लसूणघासाची पेंडी होती. ते प्रत्येकीच्या कानात वाकून बघत होते. "सतराशे अकरा कुठली हो? माझी पहिली सतराशे अकरा." ते माझ्यापाशी आले. मला बिल्लाच नव्हता. मी सतराशे अकरा असल्यासारखा चेहरा केला आणि घास खाल्ला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांना धार लागली होती.

एकाने नाथाजींची गचांडी धरली, तेव्हा दीक्षा पुढे आली.

"त्यांना सोडा! चूक माझी हाय. खंडी म्हणजे काय, ते मी मेंढीवाल्याला विचारलंच न्हाई, मार्केट यार्डात विचारलं. सोळाशे मेंढ्या कधीच नव्हत्या. सोळाशे किलो होतं ते."

"कशाचे किलो?"

"कशाचेच न्हाई," ती म्हणाली आणि रडायला लागली.

मग कोणीतरी म्हणालं, "चूक कुणाची का असंना, रिकाम्या हातानं घरी जायचं व्हय?" आणि ट्रकचं फाळकं उघडलं. अंगठा नाथाजींचाच होता, त्यांना आडवं येता येईना. माझी लेक चढली, तिची लेक चढली. चढताना त्या माझ्याकडे बघून ओरडत होत्या. त्या उगाच ओरडत नव्हत्या. नाथाजींना ते कळत होतं आणि ते उभे होते.

शेवटी माझे पाय धरले.

"ही न्हाई!" दीक्षा ओरडली. तिने डोळे पुसून गठ्ठ्यातला तसलाच भोकाभोकांचा कागद उलगडला. "हे बघा. विकल्या त्या दोन हजार सातशे चौसष्ट. ही वरची पॉइंट आठ. ही कंपनीनं कुणालाच विकलेली न्हाई."

माणसांनी कागद बघितला. माझा कान बघितला. छापील होतं, तेव्हा पटलं. माझे पाय सोडले.

ट्रकचा धुरळा बसायला बराच वेळ लागला. नाथाजी माझ्याशेजारी बसले आणि त्यांनी माझ्या मानेत तोंड खुपसलं.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्याकडे कोणी वाढता आकडा घेऊन आलं, तर तो कुठे चरतो ते विचारा. जाऊन बघा, त्याच्या पाठीवर हात ठेवा. हाताला ऊब लागली नाही, तर परत फिरा. आणि ज्याच्या पाठीला ऊब आहे, त्याला पाणी पाजा. तो कागदासारखा राहत नाही, मरतो.

मी आता नऊ वर्षांची आहे, मला कोकरू होणार नाही. बयाबाई अजून खडी फोडतात. दिवस मावळताना नाथाजी मेंढ्यांच्या वाड्याच्या तोंडाशी उभे राहून पूर्वीसारखीच चाळीसजणींना हाक घालतात. मी एकटी येते. ते काठी आडवी धरून मोजतात, "एक."

तो एक पूर्ण भरावा म्हणून मी मान ताठ करते आणि फाटका कान त्यांच्या नजरेआड वळवते.