तिकडचं घड्याळ

"सहाला ना? मी येतो, मी बोलतो. तू फक्त शेजारी बस," नवरा म्हणाला आणि पुन्हा फोनमध्ये तोंड घालून मायदेशातल्या सरकारला धारेवर धरू लागला.

ती वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना अंघोळ घालायची. परदेशात चार वर्षं काढूनही तिला इथली भाषा कामापुरतीच यायची: उठा, वळा, दुखतंय का. नवऱ्याला ती फाडफाड येई, म्हणून तर तिने त्याला गळ घातली होती. नगरपालिका वस्तीतलं पाळणाघर बंद करायला निघाली होती आणि आज आईबापांचं म्हणणं ऐकायला सभा होती. पाळणाघर गेलं की लेक घरी, आणि लेक घरी म्हणजे तिची नोकरी गेली.

नवरा परदेशस्थ युवक मंचाचा अध्यक्ष होता. मंच म्हणजे सातआठ टाळकी. रोज संध्याकाळी फोनसमोर बसून मायदेशाचं भवितव्य ठरवायची. इथला नगरसेवक कोण, हे मात्र एकालाही ठाऊक नव्हतं. नाळ तुटू नये म्हणून अध्यक्षांच्या मनगटावरचं घड्याळसुद्धा तिकडच्या वेळेचं. त्यापायी कामाला उशीर व्हायचा, साहेबाची बोलणी खावी लागायची, पण ती देशसेवेत जमा. पूर्वी तिला या सगळ्याचं भारी कौतुक होतं. आता किळस यायची.

सभेत तिच्या शेजारची खुर्ची रिकामीच राहिली. नाव पुकारलं तशी ती लेकीला कडेवर घेऊन उठली. "मला मुलगी आहे. मी काम करते," एवढं तिने कसंबसं सांगितलं. पुढचे शब्द तिच्याकडे नव्हते. समोर बसलेल्या नगरपालिकेच्या बाईंनी हसून आभार मानले आणि पुढचं नाव घेतलं. सोमवारपासून पाळणाघर बंद, असं शेवटी ठरलं.

घरी अध्यक्ष अगदी रंगात आले होते. तिला पाहताच फोनवर हात ठेवून तो कुजबुजला, "अगं, घड्याळाचा घोळ झाला. आणि तिकडे आज मतमोजणी. लोक वाट बघत होते माझी."

"मीही बघत होते," ती म्हणाली आणि लेकीला त्याच्या मांडीवर ठेवून मोकळी झाली.

तो जरा गडबडला. पण लाज वाटेल तो अध्यक्ष कसला. त्याने पोरीला उचलून कॅमेऱ्यासमोर धरलं. "मित्रांनो, आपला लढा या लेकींसाठी आहे." पडद्यावर भराभर लाल बदाम उडाले. पोर बिचारी ते पकडायला हात पुढे करू लागली.

ती आतल्या खोलीत गेली. नोकरी सोडताना वृद्धाश्रमाचा गणवेश इस्त्री करून परत द्यावा लागे. जादाचा जोड काढून तिने इस्त्री तापत ठेवली. बाहेर स्त्रियांच्या रोजगारावर भाषण सुरू झालं होतं. कॉलर काही केल्या नीट बसेना. तिने ती पुन्हा ओली केली आणि सावकाश इस्त्री फिरवली.