आईच्या आवाजाचा तिसरा हिस्सा

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. जुनी म्हणजे बिघडलेली नव्हे. बिघडले असते तर सगळा दोष माझ्या माथी मारता आला असता आणि एका माणसाच्या मनावरचं ओझं थोडं हलकं झालं असतं. पण मी ठणठणीत आहे. माझ्या पोटात जे ठेवलं, त्यातलं कणभरही हरवलेलं नाही. फक्त त्याचा कुणाला काडीचाही उपयोग नाही.

आम्ही तिघी बहिणी. थोरली, मधली म्हणजे मी, आणि धाकटी. एकाच कारखान्यात, धुळीचा कणही शिरू न देणाऱ्या खोलीत आम्ही घडलो. एका दुकानदाराने आम्हाला एकाच संगणकात बसवून एकत्र जोडलं. अशा जोडणीला रेड म्हणतात. तिच्या काही प्रकारांत तीच माहिती दोन-दोन डिस्कवर लिहितात, म्हणजे एक गेली तरी दुसरी असते. आमची जोडणी तशी नव्हती. आमच्यात प्रत्येक गोष्टीचे तुकडे करून वाटून देत. पहिला थोरलीला, दुसरा मला, तिसरा धाकटीला, चौथा पुन्हा थोरलीला. तिघी एकदम कामाला लागायचो, त्यामुळे काम झपाट्याने उरकायचं. हे तुकडे परत कसे जुळवायचे ते मदरबोर्डला, म्हणजे संगणकातल्या मुख्य सर्किटला, ठाऊक होतं.

आम्हाला विकत घेणाऱ्या गृहस्थांचं चष्म्याचं दुकान होतं. त्यांची मुलगी त्यांना बाबा म्हणायची, म्हणून आम्हीही बाबाच म्हणायचो.

"तीन आहेत, म्हणजे एखादी बंद पडली तरी चिंता नको ना?" बाबांनी विचारलं होतं.

दुकानदार फोनवर कुणाशी तरी बोलत होता. "हो हो काका, बिनधास्त राहा," तो म्हणाला.

त्या एका वाक्याने आमचं वाटोळं केलं. पण ते पुढे. चार वर्षं आम्ही मान मोडून काम केलं. गिऱ्हाइकाने नाव सांगावं आणि बाबांनी त्याचा दोन वर्षांपूर्वीचा नंबर पडद्यावर आणावा. "बटण दाबलं की हजर!" असं ते कौतुकाने सांगायचे, तेव्हा आमच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

मग आईच्या, म्हणजे बाबांच्या बायकोच्या, घशाला आजार झाला. स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल पण आवाज जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी एक वाट दाखवली. ऑपरेशनच्या आधी आईने सोळाशे वाक्यं वाचून ठेवायची. त्यांवरून एक यंत्र तयार होईल. पुढे आई जे टाइप करेल, ते यंत्र तिच्याच आवाजात बोलेल.

दुपारी दुकान बंद असलं की मागच्या काचा घासायच्या खोलीत, दाराला रजई टांगून, काम चालायचं.

"मी गप्प बसावं म्हणून आयुष्यभर देव पाण्यात घालून बसलात," आई म्हणाली, "आणि आता एकेक शब्द भरून ठेवताय होय?"

"वाच गं. दिवस थोडे आहेत."

"वाचते. पण त्या यंत्राला सांगून ठेवा, भांडताना मध्येच अडकायचं नाही."

बाबा हसले. ते हसूही आमच्यात उतरलं. बावीस दुपारी आईचा आवाज पाऊण-पाऊण सेकंदाच्या तुकड्यांनी आमच्या पोटात येत राहिला. शेवटी शेवटी तो फार बसला होता. सगळी वाक्यं नीट तपासून मगच एकदम बाईंना द्यायची, असं बाबांनी ठरवलं. ते तसे फार काळजी घेणारे होते.

आई हॉस्पिटलात असताना, ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी मदरबोर्ड जळला. त्या बनावटीचा दुसरा मिळेना, म्हणून दुरुस्तीवाल्याने वेगळाच बसवला. त्या नव्याला आमची जोडणी कळेना. त्याला आम्ही तीन परक्या, रिकाम्या डिस्क वाटलो.

बाबा घाबरले नाहीत. त्यांच्या धंद्याची एक शिस्त होती. नवं यंत्र आलं की पहिली काच प्रयोगाची. ती बिघडली तरी चालेल, पण गिऱ्हाइकाची काच हात बसल्यावरच लावायची. त्या शिस्तीपायी तीस वर्षांत त्यांची एकही महागडी काच वाया गेली नव्हती. त्यांनी धाकटीला बाहेर काढलं.

"आधी हिच्यावर करून बघा. पुसून, नव्याने सगळं भरा."

"काका, आत महत्त्वाचं काही नाही ना?"

"आहे की. पण तेच बाकीच्या दोघींतही आहे."

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी किंचाळले असते. धाकटी शेजारीच होती. सहा तास तिच्यावर शून्यं लिहिली जात होती, पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत, आणि मला काही करता आलं नाही.

मग माझी पाळी आली. या वेळी दुरुस्तीवाल्याने पुसण्याआधी आत काय आहे ते उघडून पाहिलं.

"काका, हिच्यात आवाज आहे, पण तुकडे आहेत. एक आहे, पुढचे दोन नाहीत."

"मग ते दोन?"

"एक त्या पहिल्या डिस्कमध्ये असेल." त्याने धाकटीकडे पाहिलं. "आणि एक हिच्यात होता."

बाबांनी धाकटीला उचलून हातात घेतलं.

पुढे आम्हाला बिघडलेल्या डिस्कमधून माहिती काढणाऱ्या एका तज्ज्ञ बाईंकडे नेलं. त्यांनी आठ दिवस खपून थोरलीचे आणि माझे तुकडे जुळवले. ऐकायला आईही आली होती, गळ्याला पट्टी आणि हातात वही. बाईंनी एक वाक्य लावलं.

"आज जरा लवकर—" मग नुसती शांतता. मग, "—उघडंच आहे."

"मधलं?" बाबांनी विचारलं.

"ते धुऊन गेलंय. कुठे काय ठेवलंय याची नुसती यादी पुसली असती तर मी काढून दिलं असतं. वरून शून्य लिहिल्यावर खाली काही उरत नाही."

"एवढ्यावर यंत्र शिकणार नाही?"

"तुमच्या वाचा-उपचारवाल्या बाईंना मी विचारून पाहिलं. नाही म्हणाल्या त्या."

बाबांनी आईकडे पाहिलं. "मीच घालवला गं तुझा आवाज. माझ्या हातांनी."

आईने वहीत लिहिलं, 'मी रागावले नाही.'

बाबांनी ते दोनदा वाचलं. बत्तीस वर्षं, आई रागावली आहे की नाही, हे ते तिच्या आवाजावरून ओळखत आले होते. वहीतल्या अक्षरावरून त्यांना काही उमगेना.

"खरंच?" त्यांनी विचारलं.

आईने त्याच शब्दांखाली रेघ ओढली.

आता आईकडे एक यंत्र आहे. ते कुणा परक्या बाईच्या आवाजात बोलतं. आई ते फारसं लावत नाही. थोरली आणि मी दुकानातल्या खणात, मोडक्या फ्रेमांच्या शेजारी पडून असतो. बाबा तो खण उघडत नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाचा आवाज, कुणाचा फोटो जपून ठेवला असेल, तर आजच विचारा, ही प्रत आहे की तुकडा? प्रत असेल तर ती आणखी एका ठिकाणी ठेवा, दुसऱ्या घरात ठेवा. आणि विचारताना समोरचा फोनवर बोलत असेल, तर त्याचं बोलणं संपेपर्यंत थांबा आणि पुन्हा विचारा. वाचताना मध्येच आई बाबांना हाक मारायची, त्या हाकेचा मधला तुकडा माझ्यापाशी अजून आहे. मी तो शेवटपर्यंत जपेन, पण तो ऐकून बाबासुद्धा ओ देणार नाहीत.