वरचा ड्रम

आमच्या गल्लीत सतरा घरं. सोळा दारांवर खडूनं 'बंद' लिहिलेलं. फक्त मैनाबाईच्या दारावर तारीख, बरोबरची खूण आणि आरोग्य खात्याच्या सुभद्राबाईची सही. गल्लीनं त्या खुणेचा सोयीचा अर्थ लावला. डासांचं घर सापडलं, आणि ते मैनाबाईचं.

मीही तोच लावला. माझी नऊ वर्षांची खुशी चार दिवसांपासून दवाखान्यात होती. डेंग्यू. प्लेटलेट बेचाळीस हजारांवर. बायको, गीतांजली, तिच्या उशाशी. मला कोणाची तरी मान पाहिजे होती.

मैनाबाई राजापेठेत हार विकते. नांदगावकडच्या मळ्यातून तिचा भाऊ झेंडू-शेवंती पाठवतो. वामनरावांच्या दोन खोल्यांत ती भाड्यानं राहते आणि ओट्यावर फुलांसाठी पाण्याचे चार टब ठेवते. उघडे. येता-जाता डोळ्यांत खुपणारे. त्या सकाळी मी वाकून टबात पाहत होतो, तर ती दारात आली.

"काय पाहून राहिला, गजूभाऊ? मासोया नाई पाळल्या म्या."

"खुशीले डेंग्यू झाला."

"मालूम हाय मले. काल डबा कोनं नेला गीतांजलीले?"

तिनंच नेला होता. मला त्यातही काळंबेरं दिसलं. कोणी न सांगता डबा नेते, म्हणजे हिच्या मनात काहीतरी सलत असणार. शेवंतीच्या वासाचाही मला राग आला.

दुपारी वामनराव महापालिकेत द्यायचा अर्ज घेऊन आले. "दसऱ्याआधी तिची खोली खाली करतो. पण मी एकट्यानं म्हटलं तर लोक म्हनतीन, म्हाताऱ्याले भाडं वाढवाचं हाय. गल्लीचा अर्ज पायजे. पयली सही तुही. पोरगी तुही हाय नं?"

मी सही केली. माझ्यामागं पंधरा सह्या पडल्या. माझी पोरगी आजारी म्हणून कोणी प्रश्नच विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्यांवर सुभद्राबाई भेटल्या. डेंग्यूच्या पेशंटची नावं उतरवून घ्यायला आल्या होत्या. मी विचारलं, "मैनाबाईच्या टबात किती अळ्या निघाल्या?"

"एक नाई. रोज टब उपडे करते, घासते. शिळ्या पान्यात फुलं सडतात, भाऊ. तिचा धंदाच बसन."

"मग खूण काहून केली?"

"तपासलं, ठीक हाय, म्हनून केली. बाकीची घरं बंद होती नं! तीन खेपा मारल्या म्या. सकाळी दहाले सोळाच्या सोळा घरं बंद! समदे कौंडण्यपूरच्या जत्रेले गेल्ते काय?"

मी खाली पाहिलं. आम्ही घरातच होतो.

आमच्याकडे नळ दिवसाआड येतो. म्हणून प्रत्येकाच्या गच्चीवर एक वरचा ड्रम असतो. एकदा भरायचा आणि हात लावायचा नाही. पाइप फुटला, चार दिवस नळ आला नाही, तर कामी यावा. आरोग्यवाली आली की तो ओतून टाकायला लावते, नाहीतर त्यात औषध टाकते. म्हणून ती कोपऱ्यावर दिसली की वामनराव मोबाइलवर गल्लीच्या ग्रुपमध्ये टाकतात, "बाई आली." सगळ्यांचे टीव्ही बंद, कड्या आतून. मैनाबाई ग्रुपमध्ये नाही.

सुभद्राबाईंनी आमचं दार वाजवलं, त्या दिवशी खुशी आतून "कोण आहे?" म्हणून ओरडली होती. मीच तिच्या तोंडावर हात दाबला होता.

घरी येऊन मी थेट गच्चीवर गेलो. कूलरशेजारी ड्रम. वर प्लायवूडचा तुकडा, एका बाजूनं फुगून उचललेला. तो सरकवला तसा एक डास माझ्या कानाजवळून गेला. पाणी स्वच्छ होतं, आणि त्यात अळ्या वळवळत होत्या. माझी सावली पडली तशा त्या सगळ्या खाली पळाल्या. मे महिन्यात भरलेलं पाणी.

तरी माझा निर्लज्जपणा पाहा. पहिला विचार आला तो हाच, की डास मैनाबाईकडून आले असतील.

पाच वाजता वामनराव पंधरावीस जणांना घेऊन मैनाबाईच्या ओट्यापुढं उभे होते. मी त्यांना बाजूला घेतलं. "माही सही खोडा. अळ्या माह्याच ड्रममधी हायेत."

"येडा झाला काय बे? ड्रम ओत गुपचूप. कोनाले समजते?"

मी घरी गेलो, त्या ड्रमचं बादलीभर पाणी आणून ओट्यावर ठेवलं. "हे माह्या घरचं. खुशीले यानंच आजारी पाडलं. वामनराव, आता तुमची गच्ची दाखवा."

"माही गच्ची कायले पायजे तुले?"

"मग तुम्ही दाखवा," मी बाकीच्यांकडे वळलो. कोणाचं दूध तापत होतं, कोणाला फोन आला. दोन मिनिटांत गल्ली रिकामी. वामनरावांच्या हातातला कागद मी ओढला आणि माझी सही रेघा मारून खोडली. कागद खिशात कोंबत ते म्हणाले, "तुही सही नसली म्हनजे काय अर्ज थांबते? पंधरा हायेत अजून."

"द्या मंग. तिथं तिच्या बाजूनं मीच उभा राहीन."

ते गेले. मैनाबाई इतका वेळ दारातून पाहत होती.

"बादली उचल माह्या ओट्यावरून."

मी उचलली. रस्त्याच्या तापल्या डांबरावर ओतली.

"बाकीचा ड्रम?"

"ओततो आत्ताच."

"चाल," ती म्हणाली आणि चप्पल घालून माझ्या मागोमाग जिना चढू लागली. माझ्या शब्दावर तिचा भरवसा नव्हता.