स्कुर्ताचं पाणी

कार्पाथोस बेटाच्या आमच्या डोंगरी टोकाला घर पोरीकडे जातं, आणि तेही थोरल्या पोरीकडे. आईचं घर, शेत, पिठाची गिरणी, गळ्यातली सोन्याच्या नाण्यांची माळ, सगळं थोरलीचं. धाकट्या थोरलीच्या घरी राबतात. कोणाला यात अन्याय दिसत असेल तर दिसो. टोपलीएवढ्या शेतांचे तुकडे करत बसलो असतो तर आमच्या डोंगरावर आज बकऱ्या उरल्या असत्या, माणसं नाही. मी सेवस्ती, थोरली. कालित्सा धाकटी.

कालित्सा माझ्याकडे चांगली राबली, ते मी नाकारत नाही. भट्टीतला पाव तिच्यासारखा पुढे कोणाला जमला नाही. पण तिशी उलटल्यावर तिला एका मासेमाराचं वेड लागलं. धाकटीला लग्नात काही द्यायलाच हवं असं नव्हतं, तरी मी तिला स्कुर्ता दिला. स्कुर्ता म्हणजे कड्याच्या पोटातली खाच. मूठभर गोट्यांचा किनारा, झाऊची चार वाकडी झाडं, मागे मीठ चढलेला दगड. बकरीसुद्धा खाली उतरायची नाही. गावातल्या बायका डोक्याचा रुमाल तोंडाशी धरून हसल्या. मीही हसले.

आता त्याच खाचेत परदेशी लोक लाल-पिवळ्या कयाक घेऊन येतात. शेंगेसारखी निमुळती होडी, माणूस कमरेपर्यंत आत, हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं. कालित्साचा मुलगा मीनास त्यांना नेतो. सकाळी बंदरातून निघायचं, किनारा धरून उत्तरेकडे, तांबड्या टोकाला वळसा घालायचा, सील प्राण्यांच्या गुहेत डोकावायचं, आणि दुपारी मेल्टेमी सुटायच्या आत स्कुर्ता गाठायचा. मेल्टेमी म्हणजे आमचा उन्हाळ्यातला उत्तरेचा वारा. तो डोंगरावरून खाली कोसळला की त्या रंगीत डब्यांचं काही चालत नाही. अलीकडे कडा, पलीकडे कडा, पाय टेकायला जागा ती एकच. रात्र तिथे काढायची आणि पहाटे सामुद्रधुनी ओलांडून सारिया बेटावर जायचं.

पण स्कुर्ताला पाण्याचा थेंब नाही. मीनास होडीत कॅन भरून नेई. पाणी घेतलं की तंबूला जागा नाही, तंबू घेतले की पाणी पुरत नाही. दिवसभर खारं पाणी अंगावर वाळलेली माणसं अंघोळ मागत. आणि झरा बरोबर त्या कड्याच्या माथ्यावर, माझ्या घेवड्याच्या शेतात. झऱ्याखाली दगडी टाकी, टाकीला दार, दाराला कुलूप, चावी माझ्या कमरेला.

चावीचं सांगितलं पाहिजे. माझ्या सोफिलाचं लग्न झालं तेव्हा मी रीतीप्रमाणे गावादेखत माळ तिच्या गळ्यात घातली, घर तिच्या हवाली केलं आणि भट्टीशेजारच्या खोलीत राहायला गेले. माझी आईही तशीच गेली होती. पण चाव्या माझ्याकडेच राहिल्या. सोफिलाने कधी मागितल्या नाहीत. मुलगी मी तशी वाढवली होती.

आधी मीनास आला.

"मावशी, नुसती एक नळी सोडायची. घेवड्याला झळ लागणार नाही."

"घेवड्याला विचारलंस?"

"तू विचार ना, तुझं ऐकतो तो."

"आईला पाठव तुझ्या," मी म्हटलं. "मागायचं असेल तर तिने यावं."

मला तेच हवं होतं. लग्न झाल्यापासून कालित्सा माझ्या पायऱ्या नीट चढलीच नव्हती. आता गिऱ्हाइकं मिळाली, गावात तिच्या नावाला मान आला. एकदा माझ्यासमोर उभं राहून तिने मागावं, मग पाणी द्यायचं की नाही ते मी ठरवणार होते.

ती आली तेव्हा चुलीवर कांदा परतायला ठेवून सोफिला आणि मी मकारुन्याचं, म्हणजे आमच्या हातशेवयांचं, पीठ वळत होतो. कालित्साने खुर्ची ओढली आणि कोणी म्हणायच्या आत बसली.

"ये कालित्से. गुडघे आहेत का जागेवर?"

"तुझी फरशी पुसून जेवढे उरले तेवढे आहेत, अक्का."

सोफिलाला हसू आलं. तिने मान खाली घातली, पण मला दिसलं.

"पाण्यासाठी आलीस."

"हो."

"मग बसून काय मागतेस? मागणारं माणूस उभं राहतं."

कालित्सा उठली नाही. टेबलावर सांडलेलं पीठ तिने तळहाताने गोळा केलं आणि परातीत टाकलं. ती सवय तिला इथेच लागली होती.

"अक्का, मी तुझ्याकडे आले नाहीये. सोफिलाकडे आलेय. झरा तिचा आहे."

"काय म्हणालीस?"

"तिच्या लग्नात तूच बोललीस. घर, शेत, गिरणी, झरा. एकेक नाव घेऊन, खणखणीत आवाजात. मला तू ताटं धुवायला बोलावलं होतंस, मी मोरीतून ऐकलं."

मी सोफिलाकडे पाहिलं. म्हटलं, "सोफिले, सांग हिला."

सोफिला हातातला तुकडा वळत राहिली. तो वळून झाला, तिने कापडावर ठेवला, हात धुतले, पुसले.

"मावशी, नळी कधी आणणार मीनास?"

"उद्या आणेल."

"आई, टाकीची चावी दे."

आवाज चढवला असता तर मी तिला गप्प केलं असतं. तिने चढवला नाही. मी कमरेचा सगळा जुडगा सोडला आणि पिठात टाकला.

"एकच कशाला, सगळ्याच घे."

मला वाटलं, ती टाकीची काढून बाकीच्या परत देईल. तिने जुडगा उचलला, एकेका चावीचं पीठ फडक्याने पुसलं आणि कमरेला बांधला.

कालित्सा जाताना दारात थांबली. "कांदा करपतोय, अक्का," म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

टाकीपासून कड्याकडे जाणारी काळी नळी माझ्या खोलीच्या उंबऱ्यासमोरून जाते. ती ओलांडल्याशिवाय मला बाहेर पाऊल टाकता येत नाही. संध्याकाळी खाली कयाक ओढल्याचा आवाज येतो, मग अंघोळीच्या पाण्याचा, मग हसण्याचा.

ऑगस्टमध्ये झरा बारीक झाला. सोफिला म्हणाली, "आई, घेवड्याला पाणी सोडायचं तर सोड, मला सांग फक्त. होड्या गेल्या की सोडू. आधी टाकी भरू दे." अगदी मायेने म्हणाली. मी काही सांगितलं नाही. वेल वाळले. उपटायलाही मी गेले नाही.

परवा मीनास कोणा परदेशी बाईला वर घेऊन आला. तिच्या गळ्यात कॅमेरा.

"मावशी, जरा बाहेर येऊन बसतेस? हिला फोटो हवाय. ती नाण्यांची माळ घालून बसलीस तर फारच छान."

"माळ माझी नाही," मी म्हटलं. "सोफिलाची आहे. तिला विचार."