स्त्रातिस गुरुजींचं घर

मी स्त्रातिस गुरुजींचं घर बोलतंय. या ग्रीक बेटावरच्या लोकांनी पुढे मला संग्रहालय म्हटलं, पण मी आधी घरच होतं.

गुरुजी डोंगरातल्या गावांत शिकवायचे. त्या काळी बायका नवे प्लास्टिकचे गालिचे आणत आणि आजीचा हातमाग फोडून चुलीत घालायला निघत. गुरुजी तो अक्षरशः त्यांच्या हातातून काढून घेत. नवरीचे भरतकाम केलेले सदरे, कोरीव पेट्या, पाळणे, सगळं खेचरावर लादून माझ्याकडे यायचं. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी असायची: कुणी केली, कोणत्या गावात. खोल्या भरल्या, तेव्हा गुरुजी स्वयंपाकघरात झोपू लागले.

त्यांची बहीण मिर्सिनी रविवारी जेवण घेऊन येई आणि सुरू होई. "चाळीस नवरींचे कपडे आणलेस. एक नवरी आणायला काय झालं होतं रे?"

"या चाळीसजणींच्या आयांनाच मी भितो, मिर्सिनी. आणखी एक सासू कशाला?"

गुरुजी गेले. जाताना मला गावाच्या नावे करून गेले. देखरेखीला अर्गिरो आली. एकटी बाई, जिभेची तिखट. सगळ्या चिठ्ठ्या तिला तोंडपाठ झाल्या. जहाजातून उतरलेले पाहुणे स्वच्छतागृह विचारत, तरी ती त्यांना आधी पाळणे दाखवी.

मग एका हिवाळ्यात माझी कौलं फुटली. अर्गिरोने नगरपालिकेत फोन केला.

"अर्ज दिलाय ना बाई? माणूस पुढच्या आठवड्यात येईल."

तो आठवडा चार हिवाळे आला नाही. अर्गिरोने घरची पातेली आणून गळतीखाली मांडली. पण पाणी आतून, माझ्याच भिंतीतून उतरत होतं. ज्यांना जपायला मला ठेवलं, त्यांना मीच कुजवलं. कपाटातले सदरे बुरशीने काळे पडले, हात लावताच सुटू लागले.

अशात एका सकाळी झाफिरिया आली. ऐंशीच्या पुढची, नातीच्या खांद्यावर हात ठेवून, पायरीपायरीवर थांबत.

"माझा लग्नाचा सदरा गुरुजींना दिला होता. हिला दाखवायचाय. पुढच्या महिन्यात हिचं लग्न आहे."

अर्गिरो कपाटाला पाठ लावून उभी राहिली. "आजी, तो अथेन्सला पाठवलाय. साफ करायला."

"अगंबाई! अथेन्सला?" म्हातारी हरखली. "बघ गं, माझा सदरा माझ्याआधी अथेन्सला पोचला!"

त्या गेल्यावर अर्गिरो जमिनीवर बसली आणि एप्रन तोंडात कोंबून रडली. दुसऱ्या दिवशी तिने किल्ली नगरपालिकेत नेऊन टाकली.

मग नगरपालिकेचा ट्रक आला. माणसांनी पेट्या, पाळणे उचलून नेले. चिठ्ठ्या निघून जमिनीवर पडल्या, त्यावरून बूट फिरले. अर्गिरोही गेलेली; आता कोणता पाळणा कुणाचा, हे सांगणारं इथे कुणी उरलं नाही.

मी रिकामं आहे. छत मधोमध बसलंय. मला दुरुस्त करा असं मी म्हणत नाही, ती वेळ गेली. एकच मागणं आहे. माझ्या दारावर अजून पाटी आहे: 'सकाळी दहा ते दोन उघडं.' ती वाचून म्हातारी माणसं दार वाजवतात आणि आतून कुणीतरी येईल म्हणून उन्हात थांबतात. बराच वेळ थांबतात.

तेवढी पाटी काढा.