निळ्या अक्षता

"बसायला नको सांगू, सुंदरा. आवतान परत घ्यायला आलोय."

सुंदराने पुढे सरकवलेला पाट तसाच उचलून घेतला. राघोकाका उंबऱ्याबाहेर उभे होते. टोपी हातात, आणि काखेत नेहमीचा पत्र्याचा डबा. आज डब्याला झाकण नव्हतं आणि आत अक्षताही नव्हत्या. आंबेशेतात रिकामा डबा दारात आला की काय समजायचं ते लहान पोरालाही कळतं.

"म्हंजे परवाची मॅच नाय?"

"परवाची नाय, पुढचीपण नाय. टीम विकली मालकानं. आता लांबच्या शहरातून खेळणार, दुसऱ्या नावानं."

"आन आपला एक नंबर?"

"तोपण गेला काल. सगळेच गेले, बसनं."

सुंदराने अंगणातल्या वाळवणाकडे बघितलं. "सासूबाईपण येनार होत्या या टायमाला," ती म्हणाली. "त्यांना कालच नवं लुगडं काढून दिलं. थांबा, पानी तरी घ्या. उन्हाचं आलात."

"आज पानी चालत नाय गो. ठाव हाय ना तुला."

ठाऊक होतं. आवतण द्यायला आलेल्या माणसाला गूळपाणी मिळतं, आणि आवतण परत घ्यायला आलेला माणूस कुणाच्या घरचं पाणीसुद्धा घेत नाही. ज्याने शब्द दिला त्यानेच दारोदार जाऊन तो परत घ्यायचा, कोरड्या तोंडाने. काका वळले, तेवढ्यात सुंदराने हळूच विचारलं, "भाग्यश्रीला सांगितलंत?"

काकांनी टोपी डोक्यावर घातली. "सांगतो," म्हणाले, आणि पुढच्या घराला लागले.

टोकावड्याच्या पुढे घाटाकडे जाताना उजव्या हाताला आंबेशेत आहे. साठएक घरं. राघो हरड गेली चाळीस वर्षं या घरांना आवतण देत आले. कुणाचं लग्न असो, बारसं असो, घरभरणी असो, छापलेली पत्रिका कितीही गुळगुळीत असली तरी काका उंबऱ्यावर चार अक्षता ठेवून "सगळ्यांनी यायचं" म्हणेपर्यंत इथे कुणी नवे कपडे काढत नाही. काकांना जमीन बेताची, शिक्षण चौथी. पण त्यांनी हाक दिली आणि माणसं आली नाहीत असं कधी झालं नव्हतं. त्यांची इस्टेट म्हणाल तर एवढीच, आणि तिचा त्यांना थोडा ताठाही होता.

म्हणूनच दिवाळीनंतर संघरत्ना त्यांना शोधत आली. ही आसनगावची मुलगी. मुंबईतली नोकरी सोडून काळू वॉरियर्स नावाच्या नव्या फुटबॉल संघात लागलेली. मुरबाडबाहेर नवं मैदान झालं होतं, पत्र्याचा स्टँड झाला होता, दिवे लागले होते, खेळाडू देशभरातून पगार देऊन आणले होते. नव्हतं ते फक्त माणूस. संघरत्नाचं काम माणसं जमवण्याचं. तिने फुकट पास वाटले, मोबाइलवर व्हिडिओ टाकले, बाजाराच्या दिवशी शेकड्यांनी निळे टी-शर्ट वाटले. टी-शर्ट लोकांनी आनंदाने नेले. त्यातले काही आठवडाभरात वालाच्या शेतात बुजगावण्यांच्या अंगावर दिसले. मॅचला मात्र चाळीस माणसं, तीही बहुतेक वॉचमन आणि त्यांचे पाहुणे. शेवटी एका धाब्यावाल्याने तिला सांगितलं, की इकडे माणसं जमवायची तर राघोकाकांना भेट.

"कोनाचं लगीन?" काकांनी पहिला प्रश्न विचारला.

"लग्न नाय काका, टीम आहे. फुटबॉलची."

"ते कळलं गो. पन आवतान कोनाच्या घरचं म्हनून सांगू? माझ्या हाकेला घर लागतं."

उत्तर काकांनीच शोधलं. दुसऱ्या दिवशी ते तिच्यासोबत खेळाडू राहत होते तिथे गेले आणि एकेकाला निरखून बघून आले. कुणी मणिपूरचा, कुणी केरळचा, दोघे कोल्हापूरचे. घरापासून इतक्या लांब आलेली ती पोरं बघून त्यांना वाटलं, यांना वाटून घेतलं पाहिजे. टोकावड्यापासून घाटापर्यंतच्या अकरा वाड्यांना त्यांनी अकरा खेळाडू वाटून दिले. सात नंबर अमक्या वाडीचा, दहा नंबर तमक्या वाडीचा. ज्याच्या त्याच्या वाडीने आपल्या पोरासाठी ओरडायचं, तो पडला तर विचारपूस करायची, सुट्टीला जेवायला बोलवायचं. बाकीच्या दहा वाड्यांत आवतण द्यायचं काम त्यांनी तिथल्या जाणत्यांना सांगितलं. आंबेशेताच्या वाट्याला गोलकीपर आला, एक नंबर, मणिपूरचा एक अबोल पोरगा.

अक्षता काकांच्या मुलीने, भाग्यश्रीने केल्या. गावातल्या प्रत्येक लग्नाच्या अक्षता तीच रंगवायची. पण यावेळी तिने कुंकवाला हात लावला नाही. "लग्नाच्या अक्षता मॅचला कशा चालतील, बाबा?" म्हणाली, आणि कपड्याला घालायच्या निळीत तांदूळ घोळवून सुपात वाळत घातले. संघरत्ना ते निळे तांदूळ बघून हसली. "हा रंग आमच्या घरचाच," ती म्हणाली. आणि खरंच, चाळीस वर्षांत काका पहिल्यांदा गावाच्या कडेच्या बौद्धवाडीत आवतण घेऊन गेले ते या मॅचचं. तिथल्या एका म्हातारीने अक्षता पदरात बांधून घेतल्या आणि "वाट चुकला नाय ना?" असं विचारलं. काकांना त्या रात्री जेवण गेलं नाही. चाळीस वर्षं आपण कुठल्या कुठल्या दारावरून पुढे गेलो ते त्यांना एकदम दिसलं होतं.

माणसं आली. आधी जीपा भरून, मग टेंपो भरून. वाडीवाडीचे ढोल आले, घरच्या भाकऱ्या आल्या. म्हाताऱ्या बायका ऑफसाइडवर वाद घालू लागल्या. आणि आंबेशेताच्या पहिल्या जीपमधून भाग्यश्री आली, हे काकांना अजून खरं वाटत नव्हतं.

कारण भाग्यश्री अठरा वर्षांत चार माणसांत गेली नव्हती. सगळ्या गावाच्या लग्नाच्या अक्षता रंगवणारी ही मुलगी एकाही मांडवात उभी राहिली नव्हती. पहिल्या मॅचला ती स्टँडच्या टोकाला, गोलाच्या मागे जाऊन बसली. "सगळे पळतात, हा एकटाच उभा," ती एक नंबरकडे बघत काकांना म्हणाली. "कोन येईल, कधी येईल, बघत राहायचं नुसतं." दुसऱ्या अर्ध्यात त्या पोराने अंगावर आलेला बॉल झेप घेऊन अडवला, आणि भाग्यश्री उठून उभी राहून ओरडली. तो आवाज ऐकून काकांनी मान वळवली तेव्हा आधी त्यांना तो कुणाचा ते ओळखता आलं नाही.

त्यानंतर तिने एकही मॅच चुकवली नाही. वाडीतल्या बायकांना ती स्वतः गोळा करू लागली. पोरगा तिला ताई म्हणायचा, आणि दर मॅचनंतर तिच्या हातच्या तांदळाच्या भाकऱ्या घेऊन जायचा.

काल संध्याकाळी संघरत्ना आली ती अंगणातच उभी राहिली. ओट्यावर काकांच्या समोर यायचं तिचं धाडस होत नव्हतं. भाग्यश्री तेव्हा अंगणवाडीच्या बाईंकडे गेली होती.

"काका, गर्दीचे फोटो दाखवून विकली त्यांनी टीम," ती म्हणाली. "इतकी माणसं येतात, इतका जीव लावतात, म्हणून भाव आला. फोटो मीच काढले होते. आपली माणसं दाखवायची म्हणून." मग डोळे पुसून म्हणाली, "मेसेज टाकलाय सगळ्या ग्रुपवर. तुमी उगाच दारोदार फिरू नका."

"मेसेज कितीजन वाचतात ते तुला ठाव हाय," काका म्हणाले. "आन आवतान मी मेसेजनं दिलं नवतं."

ते तिच्यावर रागावले नाहीत. तिचीही नोकरी गेली होती. पण रात्रभर त्यांचा डोळा लागला नाही. एकदा उठून ते भाग्यश्रीच्या अंथरुणापाशी गेले आणि तसेच परत फिरले.

तिच्या लग्नाला चार दिवस उरले होते तेव्हा, अठरा वर्षांपूर्वी, शहापूरकडच्या नवऱ्या मुलाकडून निरोप आला होता की लग्न होणार नाही. का, ते शेवटपर्यंत कळलं नाही. तिची आई लहानपणीच गेलेली, घरात दोघंच. काका त्या दिवशी उजाडताच रिकामा डबा घेऊन बाहेर पडले आणि साठही घरं फिरले. आपल्या घरचं आवतण आपल्याला नसतं, असं त्यांनी मनाला सांगितलं होतं. खरं म्हणजे धीर होत नव्हता. आधी गावाला सांगू, मग पोरीला सांगू, असं करत ते शेवटच्या दारापर्यंत गेले. तोवर इकडे कासारीण येऊन भाग्यश्रीच्या हातात हिरवा चुडा भरून गेली. तो मिरवत ती बोअरिंगवर पाण्याला गेली, आणि तिथे वाडीतल्या लहानीकाकीने तिला विचारलं, "अगो, लगीन मोडलं ना तुझं? मग चुडा कशाला भरलास?"

काका घरी आले तेव्हा चुडा उतरवून देवळीत ठेवलेला होता. एकही बांगडी फुटली नव्हती. भाग्यश्रीने त्यांना जेवायला वाढलं. त्या गोष्टीबद्दल बाप-लेक कधी एक शब्द बोलले नाहीत.

आजही काका उजाडताच बाहेर पडले होते. सुंदराचं सोळावं घर, त्यानंतर मुकेशचं सतरावं. मुकेश मॅचच्या दिवशी वाडीचा ढोल वाजवायचा. तो ऐकून घेऊन नुसताच मान हलवत आत गेला. आता लहानीचं दार.

लहानी म्हातारी झाली होती, पण पाणी अजून तीच भरायची. काका तिच्या अंगणात शिरले तेव्हा ती रिकामी कळशी घेऊन बोअरिंगवरच निघाली होती. "काय रे राघो, डबा असा उघडा?" तिने विचारलं.

काकांनी तिच्या कळशीकडे बघितलं. ऊन बघितलं. साडेनऊ झाले असतील. भाग्यश्रीची पाण्याची वेळ हीच.

त्यांनी डबा काखेत दाबला आणि ते घराकडे वळले. अडुसष्टाव्या वर्षी ते गावातून जवळजवळ पळत गेले. ओट्यावर बसलेली माणसं बघत राहिली, आणि काकांना त्याची शुद्ध नव्हती.

भाग्यश्री हंडा डोक्यावर घ्यायला चुंबळ करत होती. बापाला धापा टाकत आलेलं बघून थांबली. काका अंगणात आले, पण ओटा चढले नाहीत. उंबऱ्यासमोर उभे राहिले, टोपी काढून हातात घेतली, डबा पुढे धरला.

"परवाच्या मॅचचं आवतान दिलं होतं," ते म्हणाले. "ते परत घ्यायला आलोय."

ती डब्यात बघत राहिली. तळाशी एक निळा दाणा कोपऱ्यात अडकून राहिला होता.

"कायमचं?"

"कायमचं. टीम विकली. पोरं गेली काल."

"परवाला जास्त भाकऱ्या सांगितल्या होत्या त्यानं," ती म्हणाली. "पीठ दळून आणलंय." मग तिने विचारलं, "किती घरं झाली?"

"सतरा."

"म्हंजे मी अठरावी." तिने हातातली चुंबळ हंड्यावर टाकली. "तेवा मला कोनीच सांगितलं नवतं."

काकांनी ओट्याची कड धरली. "चुकलं माझं, भाग्या," ते म्हणाले. "पयल्या दारी तुझ्या यायला पायजे होतं. तेवापन, आन आजपन." अठरा वर्षं हे वाक्य त्यांच्या जवळ होतं आणि ते एवढंसंच निघालं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही.

भाग्यश्री आत गेली, चुलीखालचा जाळ ओढून घेतला, दाराला कडी घातली आणि पायात चप्पल सरकवून बाहेर आली. मॅचला जाताना घालायची ती निळी ओढणी तिने खांद्यावर घेतली होती. काकांच्या हातातला डबा तिने स्वतःकडे घेतला.

"चला," ती म्हणाली. "पुढं लहानीकाकीचं घर ना?"

लहानी कळशी भरून परत आलेली होती. दारात भाग्यश्रीला बघून ती थबकली. अठरा वर्षांत ही पोरगी तिच्या अंगणात आली नव्हती. काकांनी बोलायला तोंड उघडलं, पण भाग्यश्री एक पाऊल पुढे झाली.

"काकी, परवाची मॅच नाय," ती म्हणाली. "टीम गेली दुसरीकडं. आवतान परत घ्यायला आलोय आमी."

लहानीने डब्याकडे बघितलं, मग तिच्या मनगटांकडे. म्हातारीला काय आठवलं ते तिच्या तोंडावर दिसलं. "पानी तरी घे गो पोरी," ती हलक्या आवाजात म्हणाली.

"आज चालत नाय, काकी."

दोघं पुढच्या दाराला गेली. नंतर त्याच्या पुढच्या. प्रत्येक दारी भाग्यश्री बोलली आणि काका टोपी हातात धरून तिच्या मागे उभे राहिले. कुणी मालकाला शिव्या दिल्या, कुणी एक नंबर कुठे गेला ते विचारलं. सुंदराच्या सासूबाई वाटेत भेटल्या, त्यांनी नवं लुगडं नेसूनच घेतलं होतं. दुपार टळली तेव्हा बौद्धवाडीतलं शेवटचं दार झालं. त्या म्हातारीने सगळं ऐकून घेतलं आणि पदराची गाठ सोडून निळ्या अक्षता डब्यात परत टाकल्या. "पुन्हा कशाचं असलं तर या," म्हणाली.

परतताना बोअरिंगपाशी काकांचे पाय थांबले. ओठ फुटले होते, सावली लांब झाली होती. तिथे कुणी नव्हतं. हे पाणी कुणाच्या घरचं नव्हतं.

भाग्यश्रीने डबा बाजूच्या दगडावर ठेवला, ओढणी कमरेला खोचली आणि दांडा हापसायला लागली. काकांनी खाली वाकून ओंजळ धरली. आधी नुसता वारा आला, मग थोडं गढूळ, मग पाणी आलं. ते प्यायले, आणि ती हापसत राहिली.